कारवानाचे मूळ आणि कुत्र्याचे कूळ

आपली दिवाळी वसुबारसेला गाईवासराच्या पूजेने सुरू होते. पुढच्या चार-पाच दिवसांत नवऱ्याला ओवाळणे होते, भावाला ओवाळणे होते, वहीखात्यांनाही हळदकुंकू मिळते. कुत्र्याच्या वाट्याला मात्र येतात ते फटाके. शेजारच्या नेपाळात तसे नाही. तेथे नरकचतुर्दशीच्या सुमारास ‘कुकुर तिहार’ साजरा होतो. त्या दिवशी कुत्र्याच्या कपाळी टिळा, गळ्यात झेंडूची माळ आणि पुढ्यात खाऊ. मग तो गल्लीतला असो की बंगल्यातला, माळ घालताना त्याचे गोत्र कोणी विचारीत नाही.

आमच्या पंचवटीत मात्र यंदा एका कुत्र्याचे गोत्र विचारले गेले, आणि तेही भर पंगतीत. आमच्या ओळखीच्या एका वकिलांच्या घरी ‘मुधोळ हाउंड’चे पिलू आणायचे ठरले होते. वकीलसाहेब म्हणाले, “आधी कागदपत्र दाखवा. रक्त शुद्ध असल्याचा दाखला हवा.” त्यांचे लातूरकडचे मेहुणे उसळून म्हणाले, “दाजी, त्याला मुधोळ कशाला म्हणता? तो आमचा कारवान!” वकिलांच्या धाकट्या बंधूंनी दोघांनाही झिडकारून तो कुत्रा मूळचा इराणी असल्याचे जाहीर केले. तेव्हा घरातल्या शाळकरी मुलाने विचारले, “मग काका, त्याला ‘बस’ म्हणून कुठल्या भाषेत सांगायचे?” प्रश्न भाषेवर आला, आणि पंगतीत भाषेचा मास्तर मी एकटाच; म्हणून वाद माझ्या पानावर वाढला गेला.

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ असे आपण म्हणतो. पण पंचवटीकरांना ही म्हण मानवत नाही. नदीचे मूळ आम्ही ब्रह्मगिरीवर नेऊन दाखवतो, आणि कुळाचे म्हणाल तर रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. गाव सांगा, आडनाव सांगा. घटकाभरात तुमच्या पणजोबांची सही तुमच्यापुढे येते. अशा गावात राहून कुत्र्याचे कूळ शोधले नाही, तर गावाच्या नावाला बट्टा लागेल!

तर प्रथम नावे पाहू. ‘कारवान’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ व्यापाऱ्यांचा काफिला, तांडा. खेड्यात या कुत्र्याला ‘कारवानी’ म्हणतात, म्हणजे तांड्याबरोबरचा. त्याचाच लांब रेशमी केसांचा भाऊबंद तो ‘पश्मी’. हाही शब्द फारसी. ‘पश्म’ म्हणजे लोकर. ज्या पश्मिना शालीचा आपल्या घरी मोठा मान, तिचा आणि या कुत्र्याचा शब्दकोशातला वाडा एकच. तिसरे नाव मुधोळ, ते गावाचे. घटप्रभेच्या परिसरातले हे घोरपड्यांचे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूरकडे गेले, आणि आज ते कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. म्हणजे एक नाव सांगते, हा कोणाबरोबर हिंडला. दुसरे सांगते, याच्या अंगावर काय आहे. तिसरे सांगते, याला आश्रय कोणी दिला. जन्म कोठे झाला, हे तिन्ही नावांत कोठेच नाही.

मुधोळची हकीकत अशी सांगतात. या शतकाच्या आधीच्या शतकात, त्याच्या आरंभीच्या काळात, तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी आसपासच्या बेरड शिकाऱ्यांपाशी हे सडपातळ, लांब तोंडाचे, वाऱ्यासारखे धावणारे कुत्रे पाहिले. त्यांनी त्यांतले निवडून जोपासले, वाढवले, आणि विलायतेच्या भेटीत पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी नजर केली. ‘मुधोळचे हाउंड’ हे नाव तेव्हापासून रुळले. म्हणजे ज्याला आज आपण राजघराण्यातला कुत्रा म्हणून मिरवतो, तो राजवाड्यात आला बेरडाच्या झोपडीतून. तेथे तो कोठून आला, हे विचारायला राजेसाहेबांना वेळ नसावा; त्यांनी त्याचे पाय पाहिले, दाखला पाहिला नाही.

इकडे लातूर-सोलापूरकडच्या शेतकऱ्यांनी आणि धनगरांनी हाच कुत्रा पिढ्यान्पिढ्या सांभाळला. सशा-कोल्ह्यामागे पळणे हे त्याचे पिढीजात काम. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते काम कायद्याने गेले आणि राखण उरली. पाहणाऱ्याला तो अरबस्तानच्या सालुकीचा, मध्य आशियाच्या ताझीचा चुलतभाऊ वाटतो. म्हणून काफिल्यांबरोबर, फौजांबरोबर तो दक्षिणेत आला, हे मत पुष्कळांना पटते. दुसरा पक्ष म्हणतो, बाहेरचे रक्त आले असेल, पण त्याला घडवले ते दख्खनच्या माळाने. आपल्याकडे कुत्रा काही काल आलेला नाही. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली जो ताम्रपाषाणयुगीन ऐवज सापडला, त्यातल्या बैलगाडीच्या दांडीवर एक कुत्रा ऐटीत उभा आहे. त्या ऐवजाच्या काळाविषयी पंडितांत वाद आहेत; त्या कुत्र्याला कोणी कारवान म्हणू नये हेही खरे. पण आपल्या नगर जिल्ह्यात कुत्रा फार पूर्वीच माणसाच्या गाडीवर चढून बसला होता, एवढे त्यावरून दिसते.

नावाचा वाद सरकारदरबारीही मिटलेला नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी हा ‘कारवान हाउंड’, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरी ‘मुधोळ हाउंड’. २००५ साली टपालखात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांवर मुधोळ. कर्नाळच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या नोंदीतही मुधोळ. लातूरकर मेहुण्यांचा राग का, हे यावरून कळावे. लेकरू वाढवले दोघांनी आणि जन्मदाखल्यावर आडनाव लागले एकाचे!

असे तंटे फक्त आपल्याकडेच होतात असे नव्हे. विलायतेत जॅक रसेल नावाचा टेरियर आहे. (‘टेरियर’ म्हणजे मातीतला, बिळात शिरणारा.) १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत असताना पुढे पाद्री झालेल्या जॉन रसेलने एका गवळ्याकडून एक पांढरी कुत्री विकत घेतली. तिचे नाव ट्रम्प. साऱ्या घराण्याची ही मूळमाता; आणि तिचे आईबाप कोण, हे त्या गवळ्याला कोणी विचारल्याचे दिसत नाही. रसेल स्वतः १८७३ साली स्थापन झालेल्या केनेल क्लबचा एक संस्थापक सदस्य. पण त्याच्या मागे त्याच्या कुत्र्यांत इतरांचे रक्त मिसळत गेले आणि ‘खरा रसेल कोणता’ यावर भांडण जुंपले. क्लबने १९९० साली लांब पायांच्या शाखेला मान्यता दिली, आणि आखूड पायांचे भाऊबंद २०१६ पर्यंत दाराबाहेर राहिले. कोल्ह्याच्या बिळात शिरणारे शिकारी म्हणत होते, “तुमची मान्यता नकोच, तुम्ही रूप पाहाल आणि काम घालवाल.”

आता शुद्ध रक्ताचा मुद्दा. आपल्या भाषेची एक गंमत, किंवा एक दुखणे म्हणा, येथे आडवे येते. इंग्रजीत कुत्र्याच्या जातीला एक शब्द आणि माणसाच्या जातीला दुसरा. मराठीत दोहोंना ‘जात’ हाच शब्द. ‘जातिवंत’ घोडा, ‘जातिवंत’ कलावंत आणि ‘आमच्या जातीतला’ मुलगा एकाच तागडीत तोलले जातात. त्यामुळे कुत्र्याच्या शुद्धतेविषयी बोलताना आवाजात नकळत वेगळाच चढ येतो. पंचवटीत राहणाऱ्याला तो ओळखू यावा. याच पंचवटीत २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. समोर बंद दरवाजे होते, आणि ती कडी घातली होती शुद्धतेच्या नावाने. पुढे काही वर्षे सत्याग्रह चालला. त्यात दार उघडले नाही. त्या दारासमोरून रोज भाजी आणायला जाणाऱ्याने ‘शुद्ध रक्त’ हा शब्द जपून वापरावा.

गोत्राचे तर उलटेच आहे. आपण गोत्र पाहतो ते सगोत्र टाळण्यासाठी. कुत्र्याचे शौकीन वंशावळ पाहतात ती पुष्कळदा सगोत्र जुळवण्यासाठी! नामांकित बापाची मुलगी त्याच बापाच्या मुलाला देतात, म्हणजे बापाचा रुबाब दुप्पट उतरेल. रुबाबाबरोबर आणखी काय उतरते, याचे साधे गणित आहे. सख्ख्या भावंडांच्या पोटच्या पिलात, कोणत्याही एका गुणाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के. सावत्र भावंडांच्या पोटी साडेबारा टक्के. दडून बसलेले रोग उघडे पडायला एवढी संधी पुष्कळ झाली.

ठिपक्यांच्या डाल्मेशियनचे उदाहरण मोठे बोलके आहे. शुद्ध राखता राखता या सबंध जातीत एक दोष मुरला. लघवीत युरिक ॲसिड वाढून मुतखडा होण्याचा. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्रज्ञाने एकदाच, फक्त एकदाच, पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर केला आणि पुढच्या सर्व पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. ठिपके तेच राहिले, दोष गेला. १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंद केली, पण शौकिनांनी ओरडा केल्यावर पुढची नोंद थांबवली. दार पुन्हा उघडले ते २०११ साली. मधल्या तीस वर्षांत कागदावर शुद्ध असलेली कुत्री मुतखड्याने कळवळत राहिली, आणि निरोगी पिले अशुद्ध ठरली.

म्हणून कागद निरुपयोगी आहे असे नव्हे. उलट कागद हवाच, पण वाचायचा कसा ते ठाऊक हवे. ‘पेडिग्री’ हा शब्द मुळात फ्रेंच. त्याचा अर्थ ‘करकोच्याचा पाय’. जुन्या वंशावळीत पिढ्या जोडणारी तीन फाट्यांची खूण तशी दिसे, म्हणून हे नाव. कुत्र्याच्या वंशावळीत आई आणि बाप यांना सारखीच चौकट असते. आपल्या घराण्यांच्या छापील वंशावळीत मुली आणि सुना शोधून पाहा म्हणजे कुत्रे आपल्यापुढे किती गेले ते कळेल. त्या चौकटींत तेच ते नाव आजोबा म्हणून, पणजोबा म्हणून, आणि बाप म्हणूनही दिसू लागले, तर हुरळून जाऊ नये, दचकावे. पिलाच्या आईला प्रत्यक्ष पाहावे. तिची चाल, तिचे डोळे, तिचा स्वभाव पाहावा. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हजारो कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. एका कुत्र्याच्या वागण्यातला दुसऱ्याहून जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असे तीत दिसले. बाकीच्यात घराचाही वाटा.

वकीलसाहेबांना मी एवढेच सांगितले. त्यांनी सवयीप्रमाणे उलटतपासणी केली, “म्हणजे शुद्धता पाहूच नये?” मी म्हटले, “पाहा; पण शुद्ध पाणी आपण पाहतो तशी. कोणत्या डोंगरातून आले यापेक्षा पिणाऱ्याला बाधत नाही ना, हे पाहा.” मेहुणे म्हणाले, “तरी नाव कारवानच ठेवा.” ते मात्र मान्य झाले.

याच दक्षिणेत कुत्र्याची एक जुनी नोंद आहे. कर्नाटकातल्या आतकूर गावी इसवी सन ९४९ च्या सुमाराची एक शिळा मिळाली. ती आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि गंग राजा बूतुग यांचा तो काळ. चोळांविरुद्धच्या लढाईत पराक्रम केलेल्या मनलेर नावाच्या वीराला बूतुगाने ‘वर माग’ म्हटले. त्याने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. राजाचे ‘काली’ नावाचे श्वान मागितले. पुढे एका दांडग्या रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि काली दोघेही मेले. कालीसाठी ती शिळा उभारली, तिच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. शिळेवर राजांच्या बिरुदावल्या आहेत. कालीच्या वाट्याला आले आहे ते फक्त त्याचे नाव आणि त्याने काय केले ते. त्याची शिळा अकराशे वर्षे उभी राहायला तेवढे पुरले.