सोन्याची भट्टी, विटांची भट्टी

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे गणेशपुरीस गेली होती. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही तानसा नदीच्या खोऱ्यातील ऊन पाण्याच्या झऱ्यांची गावे वसईकरांना नवी नाहीत. सांधेदुखीस उतार पडावा म्हणून आमच्या वाडवडिलांपासून माणसे तेथे जात आली आहेत. आदल्या रविवारच्या प्रवचनात धर्मगुरूंनी सोनाराच्या भट्टीचा दृष्टान्त दिला होता. देव ज्याच्यावर प्रीती करतो, त्याला तो संकटांच्या आगीतून काढतो आणि त्याच्यातील हीण जाळतो, असा त्याचा आशय. गाडीत त्याचीच चर्चा चालली होती.

भिवंडी तालुक्यातील त्या रस्त्यालगत वीटभट्ट्यांचा धूर दिसू लागला. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा भर उन्हात ओल्या विटा उलटवीत होता. त्याच्याकडे पाहून आमच्यातील एक गृहस्थ सहज उद्गारले, "देव यांनाही भट्टीतूनच काढतो आहे. सोसतील तर सोने होतील." कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. त्या मौनाची आम्हाला लाज वाटते, म्हणून हे लिहीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. दैवी अनुशासनाची शिकवण आम्हाला मान्य आहे. नव्हे, ती आमच्या श्रद्धेचा कणा आहे. क्रूसाशिवाय ख्रिस्ताचे शिष्यत्व नाही. आजारपण, अपमान, जवळच्या माणसाचा मृत्यू यांतून अनेकांचा अहंकार गळून पडला आणि प्रार्थनेला खोली आली, हे आमच्याच घराघरांत घडले आहे. पुरेशी श्रद्धा ठेवा, म्हणजे रोग, कर्ज, दुःख काहीच उरणार नाही, असे सांगणाऱ्यांशी आमचे मुळीच जमत नाही. आमचा वाद शिकवणीशी नाही. ती कोण कोणाला सांगतो, याच्याशी आहे.

इब्री लोकांस पाठविलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पिता पुत्राला शिस्त लावतो हा विचार येतो. तो कोणाला सांगितला आहे? श्रद्धेपायी ज्यांची मालमत्ता लुटली गेली, त्यांना. त्याच पत्राचा दहावा अध्याय सांगतो की, हे लोक छळ सोसणाऱ्यांचे भागीदार झाले होते आणि बंदिवानांच्या दुःखाने कळवळले होते. म्हणजे ती शिकवण दुःखात उभ्या असलेल्यांना मिळाली. गाडीच्या खिडकीतून दुसऱ्याचे दुःख पाहणाऱ्यांच्या हाती ती दिलेली नाही.

शिवाय पवित्र शास्त्रात विटांची भट्टीही आहे, याचा आम्हाला विसर पडला. मिसर देशात इस्राएल लोक चिखल तुडवून विटाच पाडीत होते. पुढे गवत देणे बंद झाले, तरी विटांची संख्या मात्र कमी करू दिली नाही. तेव्हा देवाने मोशेकरवी त्यांना सहनशीलतेचा उपदेश पाठविला काय? त्याने त्यांचा आक्रोश ऐकला आणि फारोकडे त्यांच्या सुटकेची मागणी केली. अनुवादाच्या आठव्या अध्यायात बाप मुलाला शिस्त लावतो तशी देवाने आपल्या प्रजेला लावली असे म्हटले आहे. पण ते रानातील चाळीस वर्षांविषयी. रानातील भूक ही सुटलेल्या लोकांची शाळा होती. फारोच्या विटांना देवाने शाळा म्हटले नाही. आधी सुटका, मग शिस्त, हा देवाचा क्रम आहे. आम्ही तो उलटा करतो.

आपल्या परिसरातील फारोची ओळख आपल्याला नाही असे नाही. लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढायचे आणि नवराबायकोने त्याच्या दारी वर्षानुवर्षे राबायचे, अशा माणसाला जुन्या ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्या जिण्याचे दर्शन घडविले. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी संपविली, ती कागदावर. भट्टीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी घेतलेली उचल फेडण्यासाठी आजही कातकऱ्यांचे अख्खे कुटुंब गाव सोडते. हिशोब मालकाच्या वहीत असतो आणि मुलांची शाळा सुटते. म्हणूनच १९९० च्या दशकात विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगाशाळा उघडल्या. त्या कार्यकर्त्यांनी मुलांना सोसण्याचा महिमा सांगितला नाही, पाटी-पेन्सिल दिली.

कोणी विचारील, मग त्या मुलाच्या दुःखात देव काहीच करीत नाही काय? करीत असेल. पण ते सांगण्याचा अधिकार त्या मुलाचा आहे. कदाचित पुढे, सुटका झाल्यावर. ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या राखेशेजारी बसून त्याच्या दुःखाचा अर्थ सांगितला आणि शेवटी देवाचा कोप त्या मित्रांवरच झाला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली मानवी दुःखावर प्रेषितीय पत्र लिहिले. ईयोबाचे दुःख निष्पाप माणसाचे दुःख आहे, असे त्यांनी त्यात सांगितले आणि अखेरीस वाचकाला दयाळू शमरोन्यापाशी आणून उभे केले. वाटेवर पडलेल्याला शमरोनी प्रवचन देत नाही. तो जखमा बांधतो आणि पदरचे पैसे मोजतो.

तेव्हा त्या भट्टीवर अनुशासन कोणाचे चालले आहे? आमच्या मते आमचे. आमचे बंगले, आमच्या इमारती, आमच्या धर्मग्रामांची सभागृहे विटांचीच आहेत. त्या कोणी थापल्या, हजारी काय दर मिळाला, पोरे शाळेत होती काय, हे ठेकेदाराला विचारणे आम्हाला अवघड जाते. विचारले तर दर वाढेल, काम रेंगाळेल, संबंध बिघडतील. ही झळ आम्हाला नको असते. पण हीच ती शिस्त आहे, जी लागताना गोड वाटत नाही आणि पुढे नीतिमत्त्वाचे फळ देते. शुक्रवारी मांस वर्ज्य करणे आम्हाला जमते. स्वस्त वीट वर्ज्य करणे जमेल काय?

त्या दिवशी गणेशपुरीच्या ऊन पाण्यात आम्ही बराच वेळ पाय सोडून बसलो. गुडघ्यांना बरे वाटले. आपले गुडघे दुखले तेव्हा आम्ही त्याला देवाची परीक्षा म्हटले नाही, औषध शोधीत इतक्या दूर आलो. त्या मुलाच्या पाठीलाही तोच न्याय लावावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. परतताना भट्टीवर दिवे लागले होते आणि मुलगा अजून विटांपाशीच होता.