दोष तंबाखूचा की तासांचा?

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत वा कल्याण-डोंबिवलीच्या गॅरेजांत दुरुस्त झालेल्या गाडीचा ब्रेक ऐनवेळी दगा देतो, आणि निवाडा तत्काळ होतो : मेकॅनिक तंबाखू मळीत बसला होता, रात्री प्यायला होता, त्याला शिस्त नाही. मालकवर्गास हा निवाडा सोयीचा असतो. कारण त्यात कामाच्या तासांचा हिशेब कोणी मागत नाही.

व्यसनांचे समर्थन समाजवाद्यांनी कदापि करू नये. मद्याने हात कापतो, हे खरेच. परंतु अपुऱ्या झोपेने लक्ष ढळते व झालेले काम पुन्हा तपासण्याची वृत्ती मंदावते, हेही तितकेच खरे. टिटवाळ्याहून लोकलच्या दाराशी लोंबकळत येणारा कारागीर पाना हाती घेण्यापूर्वीच निम्मा थकलेला असतो. तंबाखूची चिमूट हे पुष्कळदा त्या थकव्यावरचे गरिबाचे घातक औषध असते.

१९९० च्या जूनमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची वैमानिकासमोरील काच आकाशातच निखळली. ती बसविताना ९० पैकी ८४ बोल्ट कमी जाडीचे लागले होते. काम करणाऱ्याने वाचनाचा चष्मा लावला नव्हता, हे चौकशीत निष्पन्न झाले. परंतु पहाटेची वेळ, अपुरी माणसे आणि व्यवस्थापनाची सैल देखरेख यांचीही नोंद झाली. चष्म्यावर खापर फोडून चौकशी संपली नाही. आपल्याकडे मात्र ती तंबाखूच्या पुडीपाशीच संपते.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना साप्ताहिक सुटी मिळाली. विश्रांती ही मालकाची कृपा नसून श्रमिकाचा हक्क आहे, हा त्या विजयाचा अर्थ. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली, ती या अर्थाच्या नेमकी उलट होती. कामगाराची लेखी संमती घेऊ, असा त्यावर खुलासा झाला. खोलीचे भाडे थकलेल्या माणसाच्या संमतीला कितीसा अर्थ असतो?

म्हणून कार्यकर्त्यांनी दुहेरी काम हाती घ्यावे. वस्तीत व्यसनमुक्तीचा आग्रह धरावाच. पण गॅरेजच्या दाराशी तासांची नोंद, साप्ताहिक सुटी, जादा कामाचे दुप्पट वेतन आणि ब्रेकसारख्या कामाची दुसऱ्या कारागिराकडून तपासणी, या मागण्यांसाठी विखुरलेल्या मेकॅनिकांना संघटित करावे. पहिले काम करून दुसरे टाळणारी चळवळ नकळत मालकाचीच वकिली करील.