पाळणा अजून बंद आहे

चैत्र पौर्णिमा जवळ आली की गुजरातच्या सीमेवरल्या अच्छाडच्या नाक्यावरून दक्षिणेला निघालेल्या गाडीला ‘कुठे?’ असं कोणी विचारत नाही. इको असो, मॅजिक असो, नाहीतर उंबरगावच्या कंपनीतून पाळी संपवून आलेल्या पोरांची तिघांनी भरलेली मोटारसायकल असो, सगळे डहाणूच्या महालक्ष्मीला चाललेले असतात. हनुमान जयंतीला यात्रा भरते आणि पुढे पंधरवडाभर चालते. तलासरी मागे पडतं आणि चारोटीच्या अलीकडे, विवळवेढ्याला, हायवेवरूनच आधी आकाशपाळणा दिसतो, मग देवळाचा कळस. हा क्रम देवीलाही ठाऊक असणार. तिने कधी मनाला लावून घेतलेला दिसत नाही.

पण भर दुपारी पोचलात तर पाळणा बंद असतो.

मोठ्यांचं त्यात काही अडत नाही. त्यांना आगोटीची खरेदी करायची असते. पावसाचे चार महिने पुरेल एवढी सुकट, बोंबील, वाकट्या, मिरची, हळद, कांदे, शिवाय कोयते, टोपल्या, सुपं. आमच्या भागातली जुनी घरं अजून पावसाळ्याचा अर्धा संसार या यात्रेतून उचलतात. सुक्या मासळीच्या ढिगासमोर उकिडवं बसून भाव करणाऱ्या बाईला पाळण्याचं काय? पोरांचं मात्र तसं नाही. त्यांना यात्रा म्हणजे पाळणा, ब्रेक डान्स, टोराटोरा, कोलंबसची नाव आणि मौत का कुआँ. ती तिकीटखिडकीच्या सावलीत रांग करून बसतात. रांग कोणी लावलेली नसते, खिडकीही उघडलेली नसते, तरी कोण कोणाच्या मागे यावरून भांडणं सुरू झालेली असतात.

गेल्या खेपेला मी भाच्याला घेऊन त्या सावलीत बसलो होतो. “मामा, कधी चालू होणार?” या प्रश्नाला मामाकडे उत्तर नव्हतं, म्हणून भाच्याने पाळणेवाल्यालाच गाठलं. उत्तर भारतातला, डोक्याला गमछा बांधलेला माणूस. पोरं त्याला चाचा म्हणत होती. “धूप जाने दो,” एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. भाचा हिरमुसून परत आला. मला मात्र चाचाचं काम बघण्यासारखं वाटलं.

पाळणा ज्या जमिनीवर उभा राहतो ती एरवी मोकळी माळजमीन. उन्हाळ्यात दगडासारखी टणक, पण अवकाळीची एक सर आली की भुसभुशीत. म्हणून लोखंडी पायांखाली जाड लाकडी ओंडके घातलेले असतात. चाचा आधी त्या ओंडक्यांभोवती फिरला, एकेकाला टाचेने ठोकर मारली, एका ठिकाणी पाचर ठोकून घेतली. मग चाक हाताने थोडं थोडं पुढे ढकलत एकेक डबा खाली आणला. डबा ज्या दांड्याला लटकतो त्याच्या दोन्ही टोकांना पिन असते आणि ती पिन निसटू नये म्हणून तिच्या भोकातून दुपायी स्प्लिट पिन घालून तिचे पाय दोन बाजूंना वाकवलेले असतात. हे पाय नीट वाकलेले आहेत ना, हे तो डोळ्यांनी नाही, अंगठ्याने बघत होता. एका डब्याशी त्याचा अंगठा थांबला. स्प्लिट पिनचा एक पाय सरळ झाला होता. त्याने ती उपसून बाजूला फेकली, खिशातून नवी काढली आणि पक्कडीने वाकवली. जुनीच पुन्हा वाकवता आली असती, पण वाकवून सरळ झालेली तार दुसऱ्यांदा वाकवली की तिथेच तुटते. ही गोष्ट कुठल्या तंत्रनिकेतनात न जाता त्याला माहीत होती. फेकलेली पिन लगेच एका पोराने उचलून खिशात घातली.

मग जनरेटर सुरू झाला. पोरं उठून उभी राहिली. पाळणा फिरला, पण रिकामा. त्यानंतर काही डब्यांत वाळूची पोती घालून फिरवला. पोत्यांना आधी नंबर मिळाला यावर सावलीत बरीच नाराजी पसरली. चाचा यंत्राकडे पाठ करून उभा होता, कारण तो बघत नव्हता, ऐकत होता.

माणसं चढायला लागली तरी वाट बघणं संपत नाही, फक्त ते जमिनीवरून हवेत जातं. एक डबा भरला की लगेच शेजारचा भरत नाहीत, समोरचा भरतात. एकाच अंगाला वजन आलं तर चाक तिकडेच ओढ घेतं आणि थांबवताना गिअर-ब्रेकवर सगळा ताण येतो. त्यामुळे पहिल्यांदा बसलेली मंडळी अर्धी फेरी होऊन वर टांगलेली राहतात. खाली भरणा चालू असतो आणि वर ‘बिघडला, बिघडला’ असा गलका. त्यावेळी डाव्या हाताला मुसळ्या डोंगर दिसतो. पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडीचे पुजारी देवीचा ध्वज घेऊन तो चढतात. हा ध्वज जव्हारच्या मुकणे घराण्याकडून येण्याची परंपरा आहे. त्या रात्री हजारो माणसं डोंगराकडे डोळे लावून ताटकळत असतात आणि ‘अजून का नाही’ म्हणून कोणी कुरकुरत नाही. तिथे का थांबायचं ते प्रत्येकाला माहीत असतं. पाळण्याशी का थांबायचं ते कोणी सांगत नाही, म्हणून चिडचिड होते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते पुरतं सांगायला जरा लांब, शिकागोपर्यंत जावं लागेल.

1893 साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याला उत्तर देईल असं काहीतरी उभारायचं म्हणून जॉर्ज फेरिस नावाच्या पुलांच्या इंजिनिअरने 264 फूट उंच पोलादी चाक काढलं. त्याला 36 डबे होते आणि एकेका डब्यात 60 माणसं मावायची. आपल्या खोलीएवढे नव्हे, आपल्या एसटीएवढे डबे! प्रदर्शन 1 मे रोजी उघडलं. चाक तयार नव्हतं. लोक यायचे, माना वर करून अर्धवट सांगाडा बघायचे आणि परत जायचे. ते सुरू झालं 21 जूनला. म्हणजे जगातला पहिला फेरिस व्हीलसुद्धा सात आठवडे बंदच होता. पण घाई करून उघडला नाही, आणि पुढे प्रदर्शन संपेपर्यंत चौदा लाखांवर लोक त्यात बसले. फेरिस बिचारा तीनच वर्षांनी, अवघ्या 37व्या वर्षी गेला. पैशाच्या कज्ज्यांत अडकून गेला, पण अपघाताचा डाग घेऊन नाही.

पाळणा त्याने शोधला असं मात्र नाही. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने 1620 मध्ये तुर्की अमलातल्या बल्गेरियात लाकडी चाकाचा पाळणा पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. हाच मंडी 1628 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर म्हणून सुरतेला उतरला. आमच्याकडच्या छोट्या जत्रांत चार डब्यांचा हातपाळणा अगदी परवापरवापर्यंत होता. त्याला जनरेटर नाही, वाळूची पोती नाहीत. एक माणूस आऱ्याला लटकून आपल्या वजनाने चाक फिरवायचा आणि त्याच्याच पायाने ते थांबायचं. त्याची तपासणी म्हणजे त्याचा रोजचा अंगमेहनतीचा अनुभव. उंची बेताची, वेग बेताचा, म्हणून ते चालून गेलं. पन्नास-साठ फुटांच्या, विजेवर फिरणाऱ्या चाकाला ती पद्धत चालत नाही.

आमच्या पिढीला मोठ्या पार्कची ओळख झाली ती एस्सेलवर्ल्डमुळे. ते 1989 मध्ये गोराईला उघडलं आणि पुढची अनेक वर्षं शाळेची सहल म्हटली की तेच. एसटी शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात मिळते, त्यामुळे मास्तरांना हिशोब बसायचा. अच्छाड-तलासरीहून पहाटे अंधारात निघायचं, भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने पोचायचं आणि पार्कच्या दाराशी डबे उघडून बसायचं. दार उघडलं तरी आत सगळे खेळ एकदम सुरू होत नसत. निम्म्यांना साखळी लावलेली. ज्या खेळासाठी रात्रभर झोप आली नाही तो नेमका साखळीमागे, आणि लहान पोरांचं घोड्यांचं चक्र तेवढं सुरू. मोठी मुलं मान खाली घालून घोड्यावर बसायची. आज तर एस्सेलवर्ल्डच कायमचं बंद आहे. शेजारचं वॉटर किंगडम तेवढं चालतं.

2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं. त्याच वर्षी आमच्या डहाणू रोडपर्यंत लोकल पोचली, आणि लोकलचं अप्रूप आम्हाला जास्त वाटलं ही गोष्ट वेगळी. इमॅजिकातल्या ‘नायट्रो’सारख्या रोलर कोस्टरची गाडी सकाळी माणसांशिवाय सोडतात. तिची चाकं रुळावर नुसती टेकलेली नसतात, वरून, बाजूने आणि खालूनही रूळ धरून असतात, आणि त्यांतली प्रत्येक पाहावी लागते. छातीवरचा दांडा लागल्याशिवाय गाडी हलू नये, पुढची गाडी टप्पा सोडून गेल्याशिवाय मागची सुटू नये, असे अडसर यंत्रातच बसवलेले असतात. वारा वाढला, वीज चमकली की खेळ थांबतो. एक अडसर जरी खोटा बोलायला लागला तरी गाडी सुटत नाही आणि बाहेर पाटी लागते. पैसे मोजून आलेला माणूस त्या पाटीवर वैतागतो, पण पाटी निदान असते. यात्रेतल्या पाळण्याला तीही नसते.

घाईचं काय होतं ते आमच्या शेजारच्या राज्यात दिसलं. 14 जुलै 2019 ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी झोक्यासारखा फिरणारा ‘डिस्कव्हरी’ नावाचा खेळ मधल्या दांड्यातून तुटून खाली आला. दोघांचा जीव गेला, पंचवीसहून अधिक जखमी झाले. रविवार होता, संध्याकाळची गर्दी होती. 25 मे 2024 ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली आणि 27 जण गेले, त्यांत मुलंही होती. अग्निशमनाचा दाखला नसताना ती जागा चालू होती. म्हणजे तिथे ‘कधी उघडणार’ म्हणून थांबावं लागलंच नाही. थांबायला हवं होतं. त्यानंतर गुजरातेत मेळ्यातल्या पाळण्यांचे नियम कडक झाले आणि तिथले पाळणेवाले कुरकुरू लागले. पाळण्याच्या ट्रकला सीमा नसते. आज वापीला, उद्या सिल्वासाला, परवा आमच्याकडे. आमच्या नाक्यावरून तो सांगाडा सुटा होऊन जातो, चार ट्रकांत. लोखंड तेच, पिना त्याच. कायदा तेवढा बदलतो.

आपल्याकडेही कायदा नाही असं नाही. 1951 च्या पोलीस कायद्याखाली सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना लागतो, आणि 1960 च्या नियमावलीत मेळे आणि तमाशे एकाच दावणीला बांधलेले आहेत. विजेच्या जोडणीसाठी विद्युत निरीक्षक आहेत. सांगाड्याच्या मजबुतीचा दाखला मागता येतो. तेव्हा पाळणा दोन कारणांनी बंद राहतो: एकतर चाचाचा अंगठा फिरतो आहे म्हणून, नाहीतर कुठल्यातरी टेबलावर कागद पडून आहे म्हणून. पहिल्या कारणासाठी मी रात्रभर बसायला तयार आहे. दुसऱ्यासाठी अर्धा तासही नाही, कारण कागद पडून राहिल्याने पाळणा मजबूत होत नाही. उलट शेवटच्या दिवसांत कमाई भरून काढायची घाई होते, फेऱ्या वाढतात, दोघांच्या डब्यात चौघं बसतात. यात्रा कधी आहे हे पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं. तपासणी यात्रेच्या आधी उरकायला काय हरकत आहे?

प्रत्येक पाळण्याच्या तिकीटखिडकीवर एक पाटी लावायला लावा, असं मी यात्रेच्या व्यवस्थेतल्या सगळ्यांना सुचवतो. शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, कोणी केली, एका डब्यात किती माणसं, वारा सुटला तर कधी थांबवणार. चार ओळी, मराठीत आणि गुजरातीत. पत्र्याच्या पाटीला आणि एका रंगाच्या डब्याला असा काय खर्च येतो?

आणि तुम्ही-आम्ही. पुढच्या चैत्रात महालक्ष्मीला जाल तेव्हा आधी आगोट आटपून घ्या, पाळण्याकडे ऊन उतरल्यावर वळा. पाळणेवाल्याला “चालू कधी?” म्हणून टोचू नका. “आज पिना बघितल्यास का, रिकामा फिरवलास का?” असं विचारा. सांगत नसेल, हसण्यावारी नेत असेल, दोघांच्या डब्यात तिसरा कोंबत असेल, तर पोरं कितीही रडली तरी तिकीट काढू नका आणि तिथे बंदोबस्ताला असलेल्या पोलिसाला जाऊन सांगा.