शाळांतील ‘इकोसॅन’ : खतापेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा

शाळेत स्वच्छतागृह असणे आणि ते वापरण्याजोगे असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली. तथापि पाण्याअभावी कुलूप लागलेली स्वच्छतागृहे ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. त्याची झळ प्रथम पोहोचते ती वयात येणाऱ्या मुलींना. या पार्श्वभूमीवर पर्यावरणपूरक स्वच्छता अर्थात ‘इकोसॅन’ पद्धतीचा विचार बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात व्हायला हवा.

या पद्धतीत मूत्र व मैला उगमापाशीच वेगळे केले जातात. मूत्र टाकीत साठते, तर मैला जमिनीवर बांधलेल्या कप्प्यात राख टाकून कोरडा ठेवला जातो. धुण्याचे पाणी तिसऱ्या वाटेने झाडांना जाते. मैल्याचे खत ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धन यांनी, तर पुणे जिल्ह्यातीलच देहू येथे डॉ. एस. व्ही. मापुस्कर यांनी त्यासाठी आयुष्य वेचले.

दोन टोकांची भूमी

नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात काळी जमीन व उसाचे पाणी यांमुळे भूजल वर असते. तेथे शोषखड्डा विहिरीला घातक ठरू शकतो. उलट बारामतीच्या जिरायती पट्ट्यात टंचाईच्या वर्षी पिण्यासाठीच टँकर लागतो. तेथे बादलीभर पाणी ओतायचे कोठून? जमिनीवरील कोरडे कप्पे दोन्ही अडचणींवर उत्तर देऊ शकतात.

खताचे गणित मात्र तपासून घ्यावे. तीनशे विद्यार्थ्यांच्या शाळेत प्रत्येकी रोज २०० मिलिलिटर मूत्र धरल्यास २२० दिवसांत सुमारे १३ हजार लिटर जमते. लिटरमागे चार ग्रॅम नत्र मानले तर एकूण नत्र भरते ५० किलोच्या आसपास. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची. म्हणजे भागते ते अर्ध्या एकराचे. अनुदानित दराने तेवढे नत्र युरियाच्या अडीच गोण्यांतून, सातशे रुपयांच्या आतच मिळते. या रकमेत सफाईचा खर्चही निघणार नाही. ‘खतातून उत्पन्न’ या आशेवर योजना उभारणे म्हणूनच फसवे ठरेल. तिचा खरा लाभ पाण्याची बचत व विहिरींचे रक्षण हाच आहे.

कप्पा कोण उघडणार?

कळीचा प्रश्न वेगळाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उष्ण हवामानात मैला किमान वर्षभर साठवावा लागतो. घाई करून अर्धवट कुजलेला कप्पा माणसाकरवी उपसणे हे केवळ आरोग्यास घातक नव्हे, तर हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे. हे काम पुन्हा एका विशिष्ट समाजाच्याच माथी येणार असेल, तर पर्यावरणाच्या नावाखाली जुनाच अन्याय नव्याने रुजेल.

त्यामुळे बांधकामाच्या निधीबरोबरच राख, दैनंदिन सफाई आणि कप्पा रिकामा करणे यांची जबाबदारी व वार्षिक तरतूद शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांनी आधीच लेखी ठरवावी. सुरुवात निर्जल मुताऱ्यांपासून करावी. त्यांत धोका कमी आणि पाण्याची बचत तात्काळ. खर्च आणि जबाबदारी निश्चित न करता उभारलेले इकोसॅनही अखेर कुलूपबंदच होईल.