पिशवीतील तूर आणि आपले विद्यार्थी

बीड जिल्ह्यात मृगाच्या भरवशावर तूर पेरणे हा आता जुगार झाला आहे. पाऊस जुलैवर गेला की पेरा लांबतो. आणि दिवस लहान होऊ लागताच तूर फुलोऱ्याकडे वळत असल्यामुळे उशिरा पेरलेले झाड पुरते वाढण्यापूर्वीच फुलते. म्हणून मराठवाड्यातील काही शेतकरी जूनमध्येच पिशव्यांत रोपे तयार करतात व पुरेशी ओल झाल्यावर ती शेतात लावतात. आपल्या विद्यालयाने हा उपक्रम हाती घ्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पालकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याच्या शेतात जन्म घालवला, ज्यांचे आईवडील आजही दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्या मुलांच्या हाती पुन्हा खुरपे कशाला? आक्षेप न्याय्य आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तो जमिनीच्या हक्कासाठी. फुकट राबण्यासाठी नव्हे. श्रमदानाच्या गोड नावाखाली संस्थेची शेती मुलांकडून करवून घेणे मला मुळीच मान्य नाही. परंतु बाबासाहेबांनी १९१८ साली अल्प भूधारणेवर शोधनिबंध लिहिला, तेव्हा शेती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. आपल्या मुलांनीही तिच्याकडे अभ्यासक म्हणूनच पाहावे.

अभ्यासण्याजोगे पुष्कळ आहे. तुरीचे सोटमूळ दुखावले की रोप मान टाकते. मिरचीसारखे ते वाफ्यातून उपटून लावणे जमत नाही. म्हणून पिशवी हवी. तळाशी छिद्रे, आत माती, वाळू व कुजलेले शेणखत. रायझोबियम चोळलेले दोन दाणे, पुढे त्यांतील एकच सशक्त रोप राखायचे. महिन्याभराने पिशवी फाडावी, मातीचा गोळा मात्र फुटू देऊ नये. एखादे रोप मुद्दाम धुऊन मुळांवरील गाठी वर्गात दाखवाव्यात. नत्राचा धडा पुस्तकातील चित्रावरून तितका कळत नाही.

शाळा जूनच्या मध्यास उघडते. त्याच आठवड्यात पिशव्या भरल्या, तर जुलैच्या मध्यास रोपे बांधावर जातील. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा लवकर येणारा बी.डी.एन. ७११ हा वाण घ्यावा. काढणीच्या वेळी पालक उसाच्या फडात असतील, मुले मात्र येथेच असतील. प्रत्येकाला पाच पिशव्या व एक वही द्यावी. मेलेल्या रोपाचीही तीत नोंद व्हावी, त्याबद्दल कोणी रागावू नये. परीक्षेच्या दिवसांत पाणी घालण्याचे काम कर्मचाऱ्यांनी करावे, आणि निघालेली तूर मुलांच्याच भोजनगृहात जावी.