मॅच आहे कुठे?

रिकामं स्टेडियम टीव्हीवर लगेच ओळखू येतं. कॅमेरामन बिचारा खुर्च्या दिसू नयेत म्हणून कितीही जवळून शूट करू दे, आवाज लपत नाही. कोचचं ओरडणं शब्दन् शब्द ऐकू येतं, बॉलचा ठप्प आवाज येतो आणि एखादाच काका टाळ्या वाजवत असेल तर तोही कळतो. रणजीची मॅच चुकून लावली असेल तर हा अनुभव तुम्हालाही असेल. आयर्लंडमधल्या एका स्पर्धेवर ही वेळ आली. आणि ‘आजकाल लोकांना इंटरेस्टच राहिला नाही’ या आपल्या आवडत्या वाक्याची परीक्षा घ्यायला ती स्पर्धा फारच चांगली आहे.

स्पर्धेचं जुनं नाव रेल्वे कप. खेळ गेलिक फुटबॉल. नाव फुटबॉल असलं तरी मेस्सीवाला नाही हा. १५-१५ जणांच्या टीम, बॉल हातात घेऊन पळता येतं, लाथही मारता येते, गोलपोस्ट इंग्रजी एचसारखा. आडव्या दांडीवरून बॉल गेला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. खेळाडू सगळे हौशी. सोमवारी शाळेत शिकवणारा किंवा बँकेत बसणारा माणूस रविवारी ८२ हजार लोकांसमोर खेळतो आणि त्याचा पगार घेत नाही. हा खेळ चालवते गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए. स्थापना १८८४. या संस्थेच्या हिशेबात आयर्लंड बेट एकच आहे. त्यातल्या ३२ काउंट्या आणि त्यांचे चार प्रांत: अल्स्टर, मन्स्टर, लेन्स्टर, कनॉट. (हो, दिल्लीचं कनॉट प्लेस ज्या ड्यूकच्या नावावरून आहे, त्याची पदवी याच प्रांताची.) अल्स्टरमध्ये नऊ काउंट्या, सहा ब्रिटनकडे आणि तीन आयर्लंडच्या प्रजासत्ताकाकडे. तरीही टीम एक, जर्सी एक. प्रांताच्या टीमला अर्थ असतो तो असा.

या चार प्रांतांच्या स्पर्धेला ग्रेट सदर्न रेल्वे कंपनीने कप दिला आणि १९२७ साली पहिल्या फायनल झाल्या. रेल्वेने कप का दिला असेल, हे सांगायला मॅनेजमेंटची डिग्री लागत नाही. मॅच डब्लिनला, लोक गावोगाव, मध्ये गाडी. फायनलचा दिवस ठरलेला: १७ मार्च, सेंट पॅट्रिक्स डे, देशभर सुट्टी. जागाही ठरलेली: डब्लिनचं क्रोक पार्क. त्याच दिवशी हर्लिंगचीही फायनल, म्हणजे एका तिकिटात दोन मॅच. १९५४ साली तिथे जवळपास ४९ हजार लोक होते. १९६२ साली आयर्लंडच्या नव्या कोऱ्या टीव्हीला जीएएची पहिली मॅच लाइव्ह दाखवायची होती, तेव्हा त्यांनी निवडली तीही रेल्वे कपची फायनल. तेवढा तिचा मान होता.

मग गर्दी आटत गेली. हजारांवरून शेकड्यांवर आली.

याची कारणं विचारलीत तर तिथला प्रत्येक जण वेगळं सांगतो. टीव्ही आला, लोक घरी बसले. १९७०च्या आसपास अखिल आयर्लंड क्लब स्पर्धा सुरू झाली आणि तुमच्या गल्लीतला, तुमच्या चुलतभावाचा क्लब डब्लिनपर्यंत पोचण्याची शक्यता निर्माण झाली. त्यापुढे प्रांत फिका पडला. पुढे तर सेंट पॅट्रिक्स डेचा क्रोक पार्कमधला मानही क्लब फायनलनेच घेतला. काउंटीचे मॅनेजर आपले खेळाडू सोडायला नाखूश. खेळाडूच्या अंगावर कॉलेज, क्लब, काउंटी असं ओझं आधीच. हे सगळं खरंच आहे. पण एक कारण दर वेळी ठामपणे पुढे येतं: आयरिश माणूस काउंटीसाठी जीव टाकतो, प्रांत त्याला आपला वाटतच नाही. हे मात्र मला पटत नाही.

न पटण्याचं कारण २ मे २००९. त्या दिवशी लेन्स्टर विरुद्ध मन्स्टर ही मॅच बघायला ८२ हजार २०८ लोक आले. मैदान तेच क्रोक पार्क. प्रांत तेच. फक्त खेळ रग्बी होता, स्पर्धा हायनेकन कपची सेमीफायनल. क्लब रग्बीच्या मॅचला आलेल्या गर्दीचा तो तेव्हाचा जागतिक विक्रम ठरला. म्हणजे बघा, लेन्स्टर-मन्स्टर म्हटल्यावर आयरिश माणसाच्या अंगात काहीच येत नसेल तर ही ८२ हजार माणसं कुठून आली? आता याच वर्षी जीएएने काय केलं ते ऐका. प्रांतांच्या हर्लिंग स्पर्धेची फायनल त्यांनी अबूधाबीला नेऊन खेळवली!

आणि ही एका वर्षाची लहर नव्हती. आधी हर्लिंगची फायनल रोमला झाली होती, २००४ची फुटबॉलची फायनल पॅरिसला, मग बॉस्टनला. कल्पना अगदीच टाकाऊ होती असं नाही. परदेशात आयरिश माणसं भरपूर आहेत, बॉस्टनला तर आहेतच आहेत. खेळाडू फुकटात वर्षभर घाम गाळतात, त्यांना एक छान ट्रिप मिळते. स्पॉन्सर खूश होतो. पण ज्याच्यासाठी प्रांताची टीम बनवली, तो गोलवे किंवा केरीमधला माणूस फायनल बघायला पॅरिसला कसा जाणार? तो गेला नाही. पुढच्या वर्षी मॅच घराजवळ आली तेव्हाही गेला नाही, कारण तोवर ती कधी असते हेच त्याच्या डोक्यातून गेलं होतं. कधी ऑक्टोबर, कधी डिसेंबर. काही वर्षं तर झालीच नाही. गणपती कधी ऑगस्टमध्ये आले, कधी सप्टेंबरमध्ये आले तरी आपल्याला आधीपासून ठाऊक असतं, कॅलेंडर भिंतीवर असतं. रेल्वे कपचं कॅलेंडर कुणाच्याच भिंतीवर राहिलं नाही.

रग्बीशी तुलना पूर्ण बरोबर नाही, हे मान्य. रग्बीचे प्रांत आता व्यावसायिक टीम आहेत, वर्षभर एकत्र खेळतात, त्यांच्या जर्सी दुकानात मिळतात. रेल्वे कपची टीम एकदोन वीकेंडपुरती जमते. पण मुद्दा प्रांताच्या नावात दम आहे की नाही एवढाच असेल, तर उत्तर मिळालेलं आहे.

हे वाचताना तुम्हाला दुलीप ट्रॉफी आठवली असेल तर तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात. १९६१-६२ साली झोनची स्पर्धा म्हणून ती सुरू झाली. पुढे कधी पाहुण्या परदेशी टीम आल्या, कधी झोन काढून इंडिया रेड, ब्लू, ग्रीन असे रंग आले, २०२४ला चक्क ए, बी, सी, डी. ‘टीम सी’ला कोण आपलं म्हणणार सांगा. २०२५ला झोन परत आले, पण सगळ्या मॅच बेंगळुरूला बोर्डाच्या सेंटर ऑफ एक्सलन्सवर, म्हणजे अकॅडमीच्या मैदानावर. त्या फायनलमध्ये विदर्भाच्या यश राठोडने सेंट्रल झोनकडून १९४ रन्स केल्या आणि झोनने ट्रॉफी जिंकली. नागपूरला तुमच्यापैकी किती जणांना त्या दिवशी हे माहीत होतं? (नागपूर सेंट्रलमध्ये आणि पुणे वेस्टमध्ये, ही गंमत वेगळीच.)

मोठ्या टीमचे खेळाडू यातून सहीसलामत सुटतात. त्यांना दुसरी स्टेजेस आहेत. मार बसतो छोट्यांना. पॅकी मॅकगार्टी हे नाव घ्या. लेट्रिम या कनॉटमधल्या चिमुकल्या काउंटीचा हा खेळाडू, त्या काळातल्या सर्वोत्तम फॉरवर्डपैकी एक. लेट्रिमने आजवरच्या इतिहासात कनॉटचं विजेतेपद दोनदाच जिंकलंय, १९२७ आणि १९९४ला; मॅकगार्टी नेमका या दोन्हींच्या मधला. काउंटीकडून त्याला फायनलमधले पराभवच मिळाले. पण कनॉटच्या जर्सीत, गोलवेच्या शॉन पर्सेलसारख्यांच्या बरोबरीने, तो रेल्वे कप जिंकला. हा कप नसता तर देशातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूंमध्ये तो कसा शोभतो, हे लोकांना दिसलंच नसतं. आज लेट्रिममध्ये, किंवा लाँगफर्डमध्ये, असा एखादा विशीतला पोरगा असेल तर त्याने काय करायचं? काउंटी जन्माने मिळते, आयपीएलसारखं ऑक्शन तिथे नाही.

म्हणून मैदान कोणतं, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. क्रोक पार्कमध्ये ८२ हजारांची जागा आहे. तिथे पाच हजार लोक आले तर ते पाच हजार दिसत नाहीत, ७७ हजार खुर्च्या दिसतात. आलेला माणूसही आपण चुकीच्या पार्टीला आलोय अशा चेहऱ्याने बसतो. तेच पाच हजार एखाद्या गावच्या छोट्या मैदानात कोंबा, रेलिंगला पोट टेकवून उभे राहू देत, मग आवाज बघा. २०१६ची फुटबॉल फायनल, अल्स्टर विरुद्ध कनॉट, खरं तर अशाच ठिकाणी झाली: लेट्रिममधलंच कॅरिक-ऑन-शॅनन. मॅकगार्टीच्या काउंटीत! जागा शोधून सापडली नसती इतकी योग्य. पण महिना कोणता? डिसेंबर. आयर्लंडमध्ये डिसेंबरच्या दुपारी चारनंतर अंधार पडायला लागतो आणि थंडी हाडात शिरते. जागा बरोबर आणि दिवस चुकीचा. त्यानंतर स्पर्धा थांबलीच.

मग ऑक्टोबर २०२४ला प्रांत पुन्हा मैदानात उतरले, तेही क्रोक पार्कमध्ये, शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात. निमित्त नव्या नियमांचं होतं. डब्लिनचा माजी मॅनेजर जिम गॅव्हिन याच्या समितीने खेळ वेगवान करण्यासाठी नियम सुचवले होते: ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला दोन पॉइंट, दोन्ही अर्ध्यांत प्रत्येक टीमचे किमान तीन खेळाडू राहिलेच पाहिजेत, वगैरे. हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघायचं होतं आणि बघायला मिळणार ते देशातले सर्वोत्तम खेळाडू. लोकांना कुतूहल होतं, खेळाडू मन लावून खेळले. त्यातले बरेचसे नियम पुढे स्वीकारले गेले. गोलला चार पॉइंट देण्याची कल्पना मात्र वगळली, बरंच झालं.

पण प्रयोगशाळा म्हणून बोलावलं जाणं आणि स्पर्धा म्हणून बोलावलं जाणं यात फरक आहे. नवे नियम एकदाच नवे असतात. जीएएचा काउंटी सीझन आता जुलैअखेर संपतो, मग क्लबचा सुरू होतो. या दोन्हींच्या अल्याडपल्याड कुठे तरी एक वीकेंड काढावा लागेल. क्लबवाले ओरडतील, ओरडू देत. तो वीकेंड दरवर्षी तोच हवा आणि किमान पाच वर्षांसाठी आधीच जाहीर व्हायला हवा. मैदान फिरतं ठेवा, पण बेटावरच: एकदा कॅरिक, एकदा कॅव्हन, एकदा एनिस. ज्या काउंट्यांच्या वाट्याला सप्टेंबरमधल्या, आणि आता जुलैमधल्या, त्या झगमगाटी फायनल कधी येत नाहीत त्यांना आधी द्या. हर्लिंगची मॅच त्याच दिवशी, जुन्यासारखी. सोळा वर्षांखालच्यांना फुकट सोडा. तिकीट विक्रीचा पहिला आकडा लाजिरवाणा येईल, दुसरा कदाचित त्याहून कमी. तिसऱ्या वर्षी तारीख बदलायची नाही.