पीछे मुड़!

मुलांनो, परवा आमच्या चौथीच्या वर्गात एकाने विचारलं, "बाई, आज पीटीला काय घेणार?" मी म्हटलं, "सांगणार नाही, जा!" झालं, सगळ्यांची तोंडं एवढीएवढीशी! आधी कळलेलं बरं असतं, नाही का? मला मात्र माझा दादा आठवला.

दादा २००८ साली सैन्यात भरती झाला. भरतीला १.६ किलोमीटर धावावं लागतं. दादा रोज पहाटे एसटीच्या रस्त्यावर धावायचा, त्यामुळे तिथे तो पहिल्या चौघांत आला. गावात केवढा भाव खाल्ला त्याने! मग बेळगावला, मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्रात प्रशिक्षण. पहाटे अंधारातच शिट्टी वाजायची, की सगळे मैदानात रांगेत. शिकवणाऱ्यांना तिथे 'उस्ताद' म्हणतात. वेळापत्रकात नुसतं 'पीटी' लिहिलेलं. आज धावायचं, दोरावर चढायचं, की जोडीदाराला खांद्यावर घेऊन पळायचं, ते उस्तादांनाच ठाऊक. कोणी विचारलंच, तर त्याला आधी कोलांट्या!

एकदा लांबची दौड होती. परतताना फाटक दिसलं मात्र, दादाने उरलासुरला दम एकवटला, सगळ्यांना मागे टाकलं अन् फाटकाला हात लावला. उस्ताद तिथेच उभे. दादाला वाटलं, आता शाबासकी! पण हुकूम आला, "पीछे मुड़!"

अख्खी तुकडी आल्या वाटेने परत. दादाच्या पायांत आता जीवच नव्हता. तो मागे पडत पडत पार शेवटी गेला. तेव्हा दोघं जण मागे आले, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला घेऊन पळू लागले. त्यातला एक कोण होता माहीत आहे? ज्याला दादा रोज 'बैलगाडी' म्हणून चिडवायचा, तोच!

उस्तादांनी घड्याळ बंद केलं ते दादा पोचल्यावर. पहिला कोण आला, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

पुढे लढाईच्या तयारीची चाचणी असते. पाठीवर सामान, हातात रायफल आणि ५ किलोमीटर धाव. शिवाय ९ फुटांचा खड्डा एका उडीत पार करायचा, दोरावर चढायचं. ते आधी माहीत असतं, म्हणून त्याची भीती वाटत नाही, असं दादा म्हणतो. भीती त्या फाटकाची! डोंगरावरच्या चौकीत रात्री दोनला हाक आली, तर ती वेळापत्रक बघून येत नाही ना.

तर मी काय केलं, आमच्या वर्गाची दौड लावली. (पालकांनो, घाबरू नका, कडुलिंबापर्यंतच!) सगळे परत आले, धापा टाकत बसले. मी शिट्टी वाजवली, "पुन्हा!" आणि सांगितलं, की शेवटचा आल्यावरच पाणी.

आमचा नेहमीचा पहिला नंबरवाला फुगून बसला. "बाई, हा अन्याय आहे." मला आतून वाईटही वाटलं. त्याची चूक काय होती? आजवर मीच तर फळ्यावर फक्त पहिल्याचं नाव लिहीत आले.

मग तो उठला. कडुलिंबाजवळ एक मुलगी चप्पल हातात घेऊन चालत होती. ती नेहमीच शेवटची. हा तिच्याजवळ गेला, चप्पल स्वतःकडे घेतली. धावले नाहीत दोघं, पण भरभर चालत आले.

पाणी पिऊन झाल्यावर तीच मुलगी माझ्याकडे आली. "बाई, उद्या काय?"

"सांगणार नाही, जा!"